सासूच्या झाडावरचा रेडिओ

मी एक जुना रेडिओ आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. माझं काय जातंय? या वाळवंटात माझ्याइतका फिरलेला, पडलेला, आपटलेला आणि तरी बडबडत राहिलेला दुसरा रेडिओ आणून दाखवा, मी कायमचं तोंड मिटतो. माझ्या पोटात एक सरडा दोन उन्हाळे संसार करून गेला. एका रानटी उंटानं मला अख्खा गिळला, आणि पोटात फुटबॉलचा सामना सुरू झाल्यावर घाबरून परत थुंकला.

"उंट रेडिओ गिळतो होय?" असं पुढचे दात पडलेला एक शहाणा विचारतोय. बाळा, तू आधी तोंड धू. नाकाखाली काय वाहतंय बघ. उंटाचं मी बघून घेतो.

सध्या माझा मुक्काम दवाखान्याच्या पडवीतल्या या फळीवर असतो. सकाळी तुम्ही सगळे तोंड धुवायला रांग लावता, तेवढा वेळ तुम्हाला करमावं म्हणून मला इथं मांडलंय. तिकडं टाकीपाशी नोएलीन बादल्या भरतेय. तिला सगळं ऐकू जातंय. जाऊ दे. दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला ऐकून न ऐकल्यासारखं करता येतं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. लांब केसांच्या, पांढरी टोपी घातलेल्या मुलींनी माझी आतडी जोडली. मग खोकं, जहाज, आणि आपल्या या तालिपिटी वस्तीपर्यंतचा ट्रक. त्या ट्रकच्या प्रवासात माझ्यात जी लाल धूळ शिरली ती आजतागायत निघालेली नाही. मी खोकतो म्हणता ना, तो खोकला तेव्हाचा. दुकानात मी टिनातल्या मांसाच्या आणि पत्त्यांच्या कॅटांच्या मधोमध बसून होतो. एक दिवस एका तरुण बाईनं मला उचललं, कानाशी धरून हलवलं, आणि आपल्या पहिल्या पगारातून आईसाठी विकत घेतलं. ती तरुण बाई म्हणजे हीच, बादल्या भरणारी. तेव्हा तिचे केस काळे होते.

तिच्या आईचं नाव मी घेणार नाही. ती गेली, आणि गेलेल्या माणसाचं नाव आपण घेत नाही. मी तिला आजीच म्हणेन.

आजी वस्तीत राहत नसे. वाळूच्या टेकाडांपलीकडं, तासभर गाडी हाकल्यावर तिच्या बापजाद्यांचा झरा लागतो, तिथं पत्र्याच्या आडोशाला ती आणि आणखी तीन म्हाताऱ्या राहायच्या. शिवाय एक कुत्रा. त्याचं नाव डिझेल. रंगही तसाच होता आणि वासही.

आजीसारखी वाळू वाचणारी बाई मी पाहिली नाही. सकाळी उठून ती आडोशाभोवती एक फेरी मारायची आणि वर्तमानपत्र वाचावं तशी जमीन वाचायची. घोरपड कुठून कुठं गेली, सापाचं पोट भरलेलं होतं की रिकामं, सगळं तिला ठाऊक. माणसांची पावलं तर ती चेहऱ्यासारखी ओळखायची. "हा काल लंगडत होता," म्हणायची, "बायकोशी भांडून निघालेला दिसतोय, टाच बघ कशी आपटलीय." मी खोटं सांगत असेन तर माझी एरियल मोडो. मोडलेलीच आहे म्हणा.

आजीनं मला आडोशाजवळच्या मल्गाच्या झाडावर टांगलं. पहिल्या दिवशी गाणी झाली, वारा कुठून येणार ते झालं, म्हाताऱ्या खूश झाल्या, डिझेलनं माझ्यावर भुंकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड उघडलं, आणि माझ्यातून लेस्लीचा आवाज आला.

आता लेस्ली कोण, तर नोएलीनचा नवरा. म्हणजे आजीचा जावई.

तुम्हाला वेगळं सांगायला नको. जावयानं सासूशी बोलायचं नाही, तिच्याकडं बघायचं नाही, ती ज्या सावलीत बसली असेल तिथून लांबचा वळसा घालून जायचं. त्यात राग नसतो, मान असतो. आणि इथं तर जावई सासूच्या झाडावर बसून सकाळी सकाळी मोठ्यानं "सुप्रभात" म्हणत होता! आजीच्या हातातला चहाचा डबा निखाऱ्यावर उलटला. तिनं डोक्यावरून कांबळं ओढलं, दुसरं कांबळं माझ्यावर फेकलं आणि आडोशामागं जाऊन बसली.

दुपारी नोएलीन आली तेव्हा मी घामाघूम झालो होतो.

"आई, अगं तो आत नाहीये. तो तिकडं दुकानाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत बसून बोलतो. वस्तीनं त्याला कामाला ठेवलंय."

"मग त्याचा आवाज माझ्या झाडावर काय करतोय?"

"हवेतून येतो."

"मग हवेला सांग तोंड फिरवायला."

तीन दिवस मी कांबळ्याखाली होतो. मग वस्तीतली जाणती माणसं बसली. बाया एकीकडं, बाप्ये दुसरीकडं. शेवटी ठरलं ते असं: रेडिओवरचं बोलणं सगळ्यांसाठी असतं, म्हणून ते एकाशी बोलणं होत नाही. सासूनं ते ऐकावं, पण पाठ फिरवून. आणि जावयानं तिच्यासाठी म्हणून त्यात एक शब्दही घालू नये.

आजीनं त्यावर स्वतःची एक वाढीव तजवीज केली. ती पाठ फिरवायचीच, पण मलाही तिनं उलटं टांगलं. तेव्हापासून नऊ वर्षं, मित्रांनो, मी झाडाच्या खोडाकडं तोंड करून बोललो. त्या मल्गाला फुटबॉलचे सगळे निकाल पाठ झाले होते. नंतर नंतर ते झाड वाऱ्यात माझ्याआधीच बातम्या सांगायचं. हसा, हसा.

पण लेस्ली होता मात्र बोलणारा. शहरातून डोळ्यांच्या खात्यानं आम्हाला एक तबकडी पाठवली होती. तिच्यात एक बाई इतक्या गोड आवाजात "स्वच्छता राखा" म्हणायची की कुत्री रडायला लागायची. लेस्लीनं ती दोनदा वाजवली आणि टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातली. मग स्वतः सुरू झाला.

"ऐका रे. आज सकाळी माझ्याकडं माशी आली होती. म्हणाली, लेस्लीभाऊ, तालिपिटीतल्या कुठल्या पोरानं तोंड धुतलं नाही तेवढं सांग, मला न्याहारी करायचीय. म्हटलं, बाई, मी कुणाचं नाव घेणार नाही, पण तू शाळेच्या फाटकाशी थांब. डोळ्यातली चिपाडं तुला आवडतात ना? एकाच्या डोळ्यातून उठलीस की पाय न पुसता दुसऱ्याच्या डोळ्यात जाऊन बसतेस ना? थांब तिथंच, मेजवानी आहे."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या नळावर मारामारी झाली. तोंड धुण्यासाठी मारामारी! तुमच्यातल्या काहींचे आईबाप त्या मारामारीत होते. विचारा त्यांना.

पोरांचं ठीक होतं. पोरांचे डोळे तोंड धुतल्यानं आणि वेळेवर औषध घेतल्यानं वाचतात. पण आजीच्या लहानपणी ना नळ होता, ना लेस्ली. तिचे डोळे दरवर्षी आलेले, दरवर्षी सुजलेले, आणि पापण्या आतून चरे पडून पडून आखडलेल्या. आखडल्या की पापणीचे केस आत वळतात, मित्रांनो. मग डोळा मिटला की केस बुबुळावर घासतो. उघडला की पुन्हा घासतो. दिवसातून आपण डोळे किती वेळा मिटतो, ते मोजायला बसा. दुपारपर्यंत कंटाळाल. आजीला कंटाळायचीही सोय नव्हती.

तिच्या गळ्यात दोरीला बांधलेला एक चिमटा असायचा. नोएलीन आली की आजी उन्हाकडं तोंड करून बसायची आणि नोएलीन एकेक केस उपटायची.

"हळू गं. कांगारू सोलतेयस का?"

"हलू नको म्हटलं ना."

"मी कुठं हलतेय, जमीन हलतेय. किती निघाले?"

"सात."

"मागच्या खेपेला पाच होते. पीक चांगलं आलंय या वर्षी."

हसायची ती. पण उपटलेला केस पुन्हा उगवतो, आणि उगवताना तो कुसळासारखा टोकदार असतो. मी खोडाकडं तोंड करून होतो तरी मला कळायचं. आजीची सकाळची फेरी छोटी होत चालली होती. आधी ती उभ्यानं वाळू वाचायची. मग वाकून वाचायला लागली. मग गुडघ्यांवर.

यावर इलाज होता. वर्षातून दोनदा डोळ्यांचे डॉक्टर विमानानं मोठ्या दवाखान्यात यायचे. पापणी उलटी करून दोन टाके घालायचे, की केस बाहेर. दुखणं तेवढ्यावर थांबायचं. आजीला नेऊन आणायला दवाखान्याची गाडी यायची. आणि ती गाडी चालवायचा परवाना वस्तीत होता लेस्लीकडं.

कळलं ना? सकाळी तो रेडिओवर बोलायचा आणि नंतर गाडी हाकायचा. पहिल्या खेपेला गाडीची धूळ टेकाडावर दिसली. आजीनं ती ओळखली, कांबळं डोक्यावरून घेतलं आणि झऱ्यामागच्या खडकात जाऊन बसली. लेस्लीनंही गाडी लांबच उभी केली आणि पाठ करून बसला. दोघंही इतके मानानं वागले की दिवस मावळला.

नव्या सिस्टरनं नोएलीनला विचारलं, "तुझी आई आली का नाही?"

नोएलीननं पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरली. "लाज वाटते तिला."

"डोळा दाखवायची कसली लाज?"

नोएलीन वाळूच उकरत राहिली. असल्या गोष्टी तोंडानं सांगायच्या नसतात, ज्याला कळायचं त्याला कळतं. सिस्टरनं आजीच्या कार्डावर लिहिलं: नकार.

दुसऱ्या खेपेला कुणीतरी सिस्टरला एवढं सांगितलं की म्हातारीला तो ड्रायव्हर नको. सिस्टरला वाटलं, भांडण असेल. तिनं दुसरा ड्रायव्हर शोधला. क्लिफर्ड. लेस्लीचा धाकटा भाऊ.

क्लिफर्ड बिचारा गाडीभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाला, "सिस्टर, मी पण जावईच आहे."

"तुझं कुठं लग्न झालंय तिच्या मुलीशी?"

"भावाचं झालंय की."

"मग?"

"मग काय? भाऊ जावई म्हणजे मी पण जावई. आम्ही पाच भाऊ आहोत, पाचही जावई. तुम्ही आमच्या घरातला कुठलाही उचला, जावईच निघणार."

सिस्टर हसली. तिला वाटलं, पोरगा कामचुकार आहे. क्लिफर्ड गेला, अर्ध्या वाटेवर गाडी उभी करून हॉर्न वाजवत बसला, आणि रिकामाच परत आला. कार्डावर दुसऱ्यांदा: नकार.

मला तोंड होतं, मित्रांनो, पण दुसऱ्याचं होतं. स्वतःचं असतं तर मी त्या सिस्टरला चार शब्द ऐकवले असते.

मग दुकानातली गोष्ट घडली. आजी पिठासाठी वस्तीत आली होती. लेस्ली दुकानातून बाहेर पडत होता. एरवी आजीनं त्याचं पाऊल दारातच वाचलं असतं आणि वळली असती. पण आता तिला पाऊल दिसत नव्हतं. माणूसही दिसत नव्हता. समोर काहीतरी लांबडं हललं म्हणून तिनं हात पुढं केला आणि विचारलं, "कोण गं? नोएलीन?"

तिचा हात जावयाच्या शर्टाला लागला.

दुकानातली माणसं जिथल्या तिथं गोठली. लेस्ली मागं न बघता जो पळाला तो थेट विमानतळाच्या कुंपणापर्यंत. आजी परत आली ती महिनाभर आडोशातून बाहेर पडली नाही. दुसरी म्हातारी तिला म्हणाली, "अगं, मुद्दाम थोडंच केलंस?" तर आजी म्हणाली, "ज्या बाईला आपला जावई ओळखू येत नाही, तिनं माणसांत कशाला फिरायचं? उद्या चुलीत पाय देईन."

त्या महिन्यात तिनं मला एकदाही लावलं नाही. झाडावर मी नुसता डुलत होतो.

लेस्लीनं मात्र एक केलं. तो सिस्टरकडं गेला आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. तोंडानं. त्याला किती जड गेलं असेल ते तुम्हीच ओळखा. सिस्टरनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग तिनं कार्ड काढलं, "नकार" दोन्ही ठिकाणी खोडलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी गाडी मी चालवते. मला सासू नाही आणि जावईही नाही."

डॉक्टरांचं विमान गुरुवारी यायचं होतं. नोएलीननं आईला जाऊन तसं सांगितलं, आईनं हुंकार भरला, आणि मला पुन्हा लावलं. सगळं जुळलं होतं.

त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी शेजारच्या मोठ्या वस्तीत फुटबॉलचे सामने होते. सगळी तालिपिटी तिकडं निघाली. शुक्रवारी क्लिफर्डची गाडी जाता जाता झऱ्याच्या वाटेवर थांबली. तो अर्थातच लांब, झाडीआड. त्याच्या मांडीवर भला थोरला टेप, रेडिओ आत असलेला. नोएलीन पीठ आणि चहा घेऊन एकटी चालत आडोशापर्यंत आली. आजी झोपली होती. नोएलीननं सामान ठेवलं, माझ्या झाडापाशी जरा उभी राहिली आणि गेली.

आता माझे सेल. माझे सेल त्या सुमारास संपत आले होते. हो. संपतच आले होते. सेल संपतात, मित्रांनो. वाळवंटात उष्म्यानं आणखी लवकर संपतात. त्यात कुणाचा काही दोष नसतो.

आणि शनिवारी रात्री शहरातून निरोप आला: विमान गुरुवारी येणार नाही, सोमवारी सकाळी येणार. आजीला सांगायचं कुणी? नोएलीन सामन्याला. वस्ती ओस. सिस्टर रविवारभर दवाखान्यात अडकलेली. लेस्लीला जाता येत नाही, गेला तरी बोलता येत नाही. रेडिओवर तिच्यासाठी म्हणून एक शब्द घालायचा नाही, असं जाणत्यांनी ठरवलेलं.

रविवारी सकाळी लेस्ली पत्र्याच्या खोलीत बसला. बटण दाबलं. घसा साफ केला. आणि अख्ख्या वाळवंटाला ऐकू जाईल असा बोलायला लागला, तो कुत्र्याशी.

"डिझेल. अरे ए डिझेल. कान खाजवायचं थांबव आणि ऐक. तू कुणाचा कुत्रा आहेस ते मला माहीत नाही, मी विचारतही नाही. मी फक्त तुझ्याशी बोलतोय. उद्या सकाळी लवकर झऱ्यापाशी पांढरी गाडी येईल. भुंकू नकोस. गाडी सिस्टर चालवणार आहे. क्लिफर्ड सामन्याला गेलाय, बाकीचे भाऊही गेलेत. आणि मी, डिझेल, मी उद्या उत्तरेच्या टेकड्यांत कांगारूमागं असणार. माझं पाऊल तुला वाटेवर कुठंही दिसणार नाही, वास घेऊन बघ. गाडी सोमवारी. गुरुवारी नाही, सोमवारी. तुझ्या डोळ्यांना फार त्रास होतो, डिझेल. मला माहीत आहे. दुकानात कुणाचा हात कुणाला लागला, त्यात कुत्र्याची काही चूक नव्हती. तू उद्या गाडीत बस. एवढंच सांगायचं होतं. आता गाणं ऐका."

सारं वाळवंट पोट धरून हसलं. अँटेनांवरून उड्या मारत तो आवाज वस्तीवस्तीत गेला होता. लोक कितीतरी वर्षं एकमेकांना हाक मारायचे, "अरे ए डिझेल, गुरुवारी नाही, सोमवारी!" पण हसताना कुणी त्या आवाजाकडं नीट कान दिला असता तर कळलं असतं, तो कापत होता.

आणि आजी?

आता ऐका, कारण इथंच माझी खरी मर्दुमकी आहे. माझे सेल तर संपलेले. आतून लेस्ली येतोय, पण मला तोंड उघडवत नाही. मी म्हटलं, इतकी वर्षं या बाईचं मीठ खाल्लंय, आज गप्प बसलो तर मी रेडिओ कसला, पत्र्याचा डबा! मल्गाच्या खोडावर सकाळचं ऊन तापलं होतं. मी ते ऊन पाठीनं ओढून घेतलं, सेलात उतरवलं, पोटातली जुनी लाल धूळ खाकरून बाजूला केली, आणि शेवटचा श्वास एकवटून बोललो. अथपासून इतिपर्यंत. एकही शब्द गाळला नाही.

आजी पाठ फिरवून बसली होती. तिनं सगळं ऐकलं.  मग डिझेलच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "ऐकलंस का रे? तुला निरोप आलाय. मोठा माणूस झालास की." आणि डोळे पुसले. दुखत होते म्हणून पुसले असतील.

सोमवारी सिस्टर आली. आजी कांबळं झटकून, केस विंचरून तयार होती. पुढच्या सीटवर बसली, डिझेल मागं. डॉक्टरांनी पापण्या उलटवल्या, टाके घातले, पट्ट्या बांधल्या. आठव्या दिवशी पट्ट्या सुटल्या आणि ती झऱ्यापाशी परत आली. मुठीत वाळू घेतली, जमिनीकडं बघितलं. उभ्यानं, बरं का. उभ्यानं! आणि म्हणाली, "काल इथून घोरपड गेलीय. पोटात अंडी आहेत." खणली, तर अंडी. तेव्हापासून शेवटच्या दिवसापर्यंत आजीचे दोन्ही डोळे शाबूत होते. जावयाला ती मैलावरून ओळखायची आणि मैलावरूनच वळसा घालायची. कुणाचा हात पुन्हा कुणाला लागला नाही.

म्हणून म्हणतो, मित्रांनो, सकाळी उठलात की तोंड धुवा. चिपाडं दिसली की माशीच्या आधी पाणी पोचू द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात चिमटा दिसला तर हसू नका, येऊन इथं दवाखान्यात सांगा. आणि घरात एखादा जुना रेडिओ असेल तर त्याला...

टाकीपाशी बादली कधीचीच भरली होती. पाणी काठावरून वाहून वाळूत चाललं होतं आणि नळ कुणी बंद करत नव्हतं.

"खोटं," नोएलीन म्हणाली.

रांगेतली पोरं वळली. नोएलीन पोरांकडं बघत नव्हती, फळीकडं बघत होती.

"सेल संपले नव्हते. चांगले नवे होते. मी काढले. क्लिफर्डनं टेपसाठी मागितले. मागितल्यावर आपल्यात नाही म्हणतात का? तीन दिवसांचा तर प्रश्न, म्हटलं, गुरुवारच्या आत परत घालते. सोमवारी सिस्टर आली तेव्हा आडोशाला कुणी नव्हतं. आई बाकीच्या म्हाताऱ्यांबरोबर मधाच्या मुंग्या, पोटात मध साठवतात त्या, खणायला गेली होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढचे डॉक्टर आले तोवर दोन्ही बुबुळं पांढरी पडली होती. त्यांनी टाके घातले, दुखायचं थांबलं, दिसायचं नाही आलं. शेवटची चार वर्षं ती काठीचं एक टोक धरून चालायची. दुसरं टोक माझ्या हातात असायचं. तिनं मला कधी विचारलं नाही."

पुढचे दात पडलेल्या पोरानं जाऊन नळ बंद केला.

"आणि लेस्ली डिझेलशी बोलला ते मी ऐकलं होतं," नोएलीन मला म्हणाली. "मैदानावर. क्लिफर्डच्या टेपवर, तुझ्याच सेलांवर. सगळे हसत होते. मीही हसले."